धातू कापणाऱ्या यंत्राची तहान

एक साधा प्रयोग करा. तळहात तोंडासमोर धरून त्यावर जोराने फुंकर घाला. गार वाटते. आता तोच तळहात पाण्याने किंचित ओला करा आणि पुन्हा तशीच फुंकर घाला. या वेळी गारवा कितीतरी अधिक जाणवेल. फुंकर तीच, हात तोच, मग हा जास्तीचा गारवा आला कोठून? तो आला हातावरच्या पाण्याच्या पातळ थरातून. या थरातील पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते पाणी तुमच्या हातातूनच घेते.

मराठवाड्यातील मुलांना हे तत्त्व नव्याने सांगायला नको. वैशाखात नांदेडचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला, की माठातले पाणी गार का राहते आणि कूलरच्या ओल्या जाळीतून येणारी हवा थंड का लागते, हे घरोघर अनुभवास येते. हेच तत्त्व कारखान्यात धातू कापणाऱ्या यंत्राच्या कामी कसे येते आणि त्याची चालू-बंद करण्याची कळ यंत्राच्याच हाती कशी देता येते, ते आज पाहू.

कापताना धातू तापतो का?

पेन्सिलला टोक करताना पाते तापत नाही. पण लोखंडी गज करवतीने कापल्यावर पाते हाताला चटका देते. धातूचा कण कणापासून वेगळा करायला ऊर्जा खर्च होते आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यात कापलेला कीस पात्यावर घासत सरकतो, त्या घर्षणाचीही भर पडते.

मिलिंग यंत्रात अनेक दातांचा कटर वेगाने गरगर फिरतो आणि टेबलावर घट्ट आवळलेला धातूचा तुकडा, ज्याला कामगार ‘जॉब’ म्हणतात, त्याच्याखालून सरकतो. सीएनसी मिलिंग यंत्रात हे सरकणे माणसाच्या हातातील चाकाने होत नाही. संगणकाचा कंट्रोलर मोटारींना हुकूम देतो आणि जॉब अगर कटर ठरलेल्या मार्गाने जातो. अमेरिकेत जॉन पार्सन्स याच्या कल्पनेतून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत असे पहिले यंत्र १९५२ मध्ये चालवून दाखवण्यात आले. त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या फितीवरून. आज टेबलावर मावणारी लहान सीएनसी यंत्रे मिळतात. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी, तंत्रनिकेतनांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्यांना असल्या यंत्रांची भाषा शिकावीच लागते. तुमच्यापैकी काही जण उद्या तेथेच जातील.

अशा लहान यंत्रावर ॲल्युमिनियम कापताना एक अडचण हटकून येते. ॲल्युमिनियम मऊ आणि चिकट. ते तापले की कटरच्या धारेला लपेटून बसते. धार बोथट होते, जॉबचा पृष्ठभाग ओरबाडला जातो आणि शेवटी कटर तुटतो. यावर उपाय म्हणजे कापण्याच्या जागी गारवा, वंगण आणि कीस उडवून लावणारा झोत या तीन गोष्टी एकदम पोहोचवणे.

पाटाचे पाणी आणि तुषार

कापणाऱ्या हत्यारावर पाणी सोडण्याची कल्पना जुनी आहे. ती मोजून पाहिली अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने. १८८३ मध्ये मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याला आढळले, की हत्याराच्या टोकाशी पाण्याची मोठी धार धरली तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो. लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळत. आजही मोठ्या यंत्रांत पाण्यात तेल घुसळून केलेले दुधाळ द्रव, म्हणजे कूलंट, धो धो ओततात. ते खाली टाकीत जमते आणि पंपाने पुन्हा वर येते.

शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला हे लगेच समजेल. ही झाली पाटाने पाणी देण्याची रीत. पण शेतात जसे तुषार सिंचन असते तसे येथेही आहे. दाबाखालच्या हवेत द्रवाचे अगदी थोडे थेंब मिसळून त्यांचे धुके कटरच्या दातांवर मारायचे. यालाच तुषार कूलंट किंवा ‘मिस्ट’ म्हणतात. लहान यंत्राला भोवती बंद पेटी नसते, खाली टाकी नसते. धो धो कूलंट सोडले तर ते खोलीभर उडेल आणि विजेच्या भागांत शिरेल. म्हणून लहान यंत्राला तुषारच सोयीचे.

एवढ्याशा तुषाराने भागते का?

हे आकडेमोड करूनच पाहू. समजा, आपले लहान यंत्र कापण्यासाठी २४० वॅट शक्ती खर्च करत आहे, म्हणजे सेकंदाला २४० ज्यूल उष्णता निर्माण होते. यातील बरीचशी उष्णता गरम कीस स्वतःबरोबर घेऊन जातो. हा वाटा तीन चतुर्थांश धरू, म्हणजे १८० ज्यूल. राहिले ६० ज्यूल. ते कटर व जॉब यांच्यात शिरतात आणि तेच काढून टाकायचे आहेत.

३० अंशाच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. हा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. ६० ला २४०० ने भागा. सेकंदाला फक्त ०.०२५ ग्रॅम पाणी पुरते. तासाला किती? ९० ग्रॅम. म्हणजे चहाच्या एका लहान कपाएवढे पाणी तासभराची उष्णता पळवू शकते!

याउलट पाणी वाफ न होता नुसते तापत असेल, तर १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापताना केवळ ४.२ ज्यूल उष्णता घेते. म्हणूनच पाटाच्या रीतीत मिनिटाला कित्येक लिटर द्रव ओतावे लागते.

अर्थात हा हिशेब कागदावरचा आहे. सगळेच थेंब तापलेल्या जागी पडत नाहीत. बरेचसे नुसते उडून जातात. हवेत आधीच दमटपणा असेल तर वाफ होण्याचा वेगही मंदावतो. तपमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात सुमारे २२ अंश दाखवतो. पावसाळ्यात मात्र ओल्या आणि कोरड्या तापमापकांतील फरक थोडाच राहतो. जुलैमध्ये कूलर निरुपयोगी का ठरतो, याचे उत्तर यातच आहे. यंत्रावर मात्र तुषाराचे दुसरे दोन उपयोग पावसाळ्यातही टिकतात. द्रवातील तेल धारेला वंगण देते आणि हवेचा झोत कीस दूर उडवतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर हे दोन उपयोग गारव्याहूनही मोलाचे ठरतात.

प्रत्येक धातूला तुषार हवाच असेही नाही. ओतीव लोखंड, ज्याला आपण बीड म्हणतो, ते बहुधा कोरडेच कापतात. त्यातील ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते आणि त्याची भुकटी ओली झाली तर चिखल मात्र होतो.

फवारा कसा तयार होतो?

पूर्वी घरोघरी डास आणि ढेकूण मारायला फ्लिटचा हातपंप असे. दट्ट्या पुढे ढकलला की डब्यातील औषध धुक्यासारखे बाहेर पडे. तुषार कूलंटचे तत्त्व अगदी तेच आहे. शीतपेय पिण्याच्या दोन नळ्या घ्या. एक नळी पाण्याच्या ग्लासात उभी धरा. तिचे वरचे तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा दोन सेंटीमीटर वर असू द्या. दुसरी नळी आडवी धरून तिच्यातून उभ्या नळीच्या तोंडावर जोराने फुंका. पाणी नळीत चढते आणि समोर तुषार उडतात.

फुंकरीचा झोत नळीच्या तोंडावरची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. तेथील दाब किंचित घटतो. ग्लासातील पाण्यावर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. तो पाण्याला नळीत वर ढकलतो. दोन सेंटीमीटर पाणी चढवायला वातावरणाच्या दाबाच्या फक्त पाचशेव्या भागाइतकी घट पुरते! वर आलेल्या पाण्याला वेगवान हवा फाडून त्याचे थेंब करते.

यंत्रावर फुंकरीच्या जागी कॉम्प्रेसर येतो, ग्लासाच्या जागी बाटली आणि नळीच्या जागी बारीक छिद्राचा नोझल. द्रव किती यावे ते एका लहान सुईच्या व्हॉल्व्हने ठरवतात. बोअरचे दुष्फेन पाणी वापरले तर नोझलमध्ये क्षार साचून छिद्र बुजते आणि तेल-पाण्याचे मिश्रणही फाटते. म्हणून येथे ऊर्ध्वपातित पाणी किंवा निदान स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी चांगले.

हुकूम कंट्रोलरचा

आता मुख्य प्रश्न. हा फवारा कोणी सुरू करायचा? हाताने कॉक फिरवायचा म्हटले तर माणूस विसरतो. विसरला तर एक तर कटर कोरडा चालून तुटतो, नाही तर काम संपल्यावरही फवारा चालूच राहतो. शिवाय हवा फुकट मिळत नाही. दीड मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ४ बार दाबाची हवा सोडली, तर मिनिटाला ८० ते १०० लिटर मोकळी हवा खर्च होते. १ अश्वशक्तीचा लहान कॉम्प्रेसर जेमतेम तेवढीच हवा पुरवतो. कापणे थांबले तरी फवारा चालू ठेवणे म्हणजे वीज वाया घालवणे होय.

सीएनसीच्या भाषेत यासाठी ठरलेले शब्द आहेत. यंत्रावर ते रोमन अक्षरांत टंकतात. आपण ते असे वाचू:

एम ०३ : स्पिंडल फिरू दे.
एम ०७ : तुषार सुरू कर.
जी ०४ : दोन सेकंद थांब.
जी ०१ : ठरलेल्या गतीने सरळ काप.
एम ०९ : कूलंट बंद कर.
एम ०५ : स्पिंडल थांबव.
एम ३० : काम संपले.

धो धो कूलंटसाठी एम ०८ हा वेगळा शब्द आहे. काही लहान कंट्रोलरांना कूलंटची एकच तार असते आणि ती एम ०८ ला ओळखते. तेव्हा तुषारही तिलाच जोडतात. मधले ‘दोन सेकंद थांब’ कशाला? हवा नळीतून नोझलपर्यंत पोहोचून धुके नीट जमायला क्षणभर लागतो. तोवर कटर धातूत शिरू नये म्हणून.

पण ‘एम ०७’ हा तर नुसता शब्द! त्याने व्हॉल्व्ह कसा उघडेल? हवेच्या नळीवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात. ही तुमच्या पुस्तकातील विद्युतचुंबकाचीच करामत आहे. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की आतील लोखंडी दांडा ओढला जातो आणि वाट उघडते. प्रवाह थांबला की स्प्रिंग दांड्याला परत ढकलते आणि वाट बंद होते. वीज गेली किंवा कोणी धोक्याचे लाल बटण दाबले तर फवारा आपोआप थांबतो. यंत्रशास्त्रातील ही फार चांगली सवय आहे : बिघाड झालाच, तर यंत्र सुरक्षित स्थितीत यावे.

कंट्रोलरची तार मात्र नाजूक असते. ती बहुधा ५ व्होल्टचा, काही मिलिअँपिअरचाच इशारा देते. व्हॉल्व्हला २४ व्होल्ट आणि त्याच्या कित्येक पट प्रवाह लागतो. म्हणून मध्ये रिले किंवा ट्रान्झिस्टर ठेवतात. रेल्वेच्या केबिनमधील माणूस डबा स्वतः ढकलत नाही, फक्त खटका ओढतो, तसेच हे. आणखी एक काळजी. वेटोळ्यातील प्रवाह एकदम तोडला की त्याचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि तारेच्या टोकांशी उलट दिशेने मोठा विद्युतदाब उसळतो. त्याने ट्रान्झिस्टर जळतो किंवा कंट्रोलर भांबावून मध्येच काम सोडतो. यासाठी वेटोळ्याला समांतर, उलट्या दिशेने एक डायोड जोडतात. चार-दोन रुपयांचा हा डायोड उसळलेल्या प्रवाहाला फिरायला वाट करून देतो आणि महाग कंट्रोलर वाचवतो.

बसवतानाही दोन गोष्टी पाहाव्या लागतात. व्हॉल्व्ह नोझलपासून लांब असेल तर तो बंद झाल्यावरही नळीत कोंडलेली हवा फुसफुसत राहते. म्हणून तो जवळ असावा. आणि बाटली नोझलपेक्षा उंच ठेवली तर हवा बंद झाल्यावर वक्रनलिकेच्या तत्त्वाने द्रव ठिबकतच राहते. म्हणून ती खाली असावी.

पाण्याचा जमाखर्च

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून एक आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींत प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पिण्याचे पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि शहराला आगगाडीने पाणी पाजण्याची वेळ आली होती. पुढे याच ‘जलदूत’ गाडीने एका फेरीत २५ लाख लिटर पाणी आणले. अशा मुलखात कोणतेही यंत्र किती पाणी पिते, हे विचारलेच पाहिजे.

तुषार पाणी वाचवते, असे पटकन म्हणावेसे वाटते. पण हिशेब करा. फवारा तासाला १०० मिलिलिटर धरू. यंत्र महिन्यात १०० तास चालले आणि फवारा सतत चालू राहिला तर १० लिटर द्रव गेले. हे द्रव परत येत नाही. पाटाच्या रीतीत ५० लिटरची टाकी असते, पण तेच द्रव महिनोन्‌महिने फिरते. वाफेची आणि किसाबरोबर जाणारी घट तेवढी भरून काढावी लागते. मग वाचले काय?

दोन गोष्टी वाचल्या. पहिली कंट्रोलरमुळे. त्या १०० तासांत प्रत्यक्ष कापणे ६० तासच झाले असेल, तर १० लिटरऐवजी ६ लिटर लागतील. निव्वळ वंगणाच्या बारीक तुषाराची पद्धतही आहे. तीत तासाला ५० मिलिलिटरहून कमी तेल लागते आणि पाणी मुळीच लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टाकीतील दुधाळ द्रव काही महिन्यांनी सडते. त्यात जिवाणू वाढतात. रविवारी यंत्र बंद राहिले की सोमवारी सकाळी त्याला घाण वास येतो. मग हे ५० लिटर तेलकट पाणी टाकायचे कोठे? ते नाल्यात ओतले तर लातूर परिसरातून मांजरेत, नांदेडमध्ये थेट गोदावरीत. आणि मांजराही पुढे गोदावरीलाच मिळते. असे द्रव वेगळे साठवून शुद्धीकरणासाठी द्यावे लागते. तुषाराच्या रीतीत अशी टाकीच नसल्याने हा प्रश्न फारच लहान होतो.

नाकापुढचा धोका

मग तुषारात दोष नाहीच का? आहे, आणि तो गंभीर आहे. शेतात औषध फवारताना शेतकरी नाकातोंडाला फडके का बांधतो, ते आठवा. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत खाली पडतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे ८ मिनिटे लागतात. आणि १ मायक्रॉनचा थेंब? स्थिर हवेतसुद्धा तो जवळजवळ १३ तास तरंगत राहील! कारण अशा लहान थेंबांचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हेच बारीक थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये शिफारस केली, की कामाच्या पाळीत अशा द्रवांच्या धुक्याचे सरासरी प्रमाण १ घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. आता ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच बंद खोली घ्या. तिच्यात ६० घनमीटर हवा मावते, म्हणजे मर्यादा झाली ३० मिलिग्रॅम. आपल्या १०० मिलिलिटर द्रवात ५ टक्के तेल असेल तर तासाला सुमारे ४५०० मिलिग्रॅम तेल उडते. त्याचा फक्त शंभरावा भाग हवेत तरंगत राहिला तरी ४५ मिलिग्रॅम होतो, म्हणजे मर्यादेच्या दीडपट!

म्हणून फवारा दिसेल न दिसेल इतकाच ठेवावा, थेंब फार बारीक करू नयेत, यंत्राभोवती पारदर्शक पेटी करून तिच्यातील हवा पंख्याने बाहेर, गाळणीतून काढावी. कंट्रोलरने अवेळी चालणारा फवारा बंद केला की हा धोकाही तेवढा कमी होतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. ॲल्युमिनियमवर रॉकेल लावण्याची चाल टर्नर लोकांत जुनी आहे. ते ब्रशने लावणे वेगळे आणि हवेत फवारणे वेगळे. रॉकेलचे धुके एका ठिणगीने भडकते. घरातले करडईचे तेलही यासाठी योग्य नाही. ते हवेत राहिले की चिकट होऊन घट्ट होते, म्हणूनच तर ते रंगांत वापरतात. यंत्राच्या पट्ट्यांवर बसले तर सरकणाऱ्या भागांना ते जखडून टाकील.

तुम्ही काय कराल?

सीएनसी यंत्र शाळेत नसले म्हणून अडत नाही. शिक्षकांच्या मदतीने दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी ओता आणि त्यांवर टेबलावरच्या पंख्याचा वारा सोडा. एका डब्याला ओले फडके गुंडाळा, दुसरा कोरडाच ठेवा. दर दोन मिनिटांनी दोन्हींचे तपमान लिहून आलेख काढा. ओल्या डब्याचे फडके आधी आणि नंतर वजन करून किती पाणी उडाले ते काढा. त्या पाण्याने किती ज्यूल नेले आणि डब्यातील पाण्याने किती ज्यूल गमावले, हे दोन आकडे जुळतात का? जुळले नाहीत तर उरलेली उष्णता कोणत्या वाटेने गेली असेल? हाच प्रयोग एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून वर्गाच्या भिंतीवर लावा.